गाव यजमान, गावच प्रेक्षक: दशावतार उभा राहतो कसा

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तळकोकणात जत्रा सुरू होतात. पाऊस परतलेला असतो, भातं कापून झोडून घरात आलेली असतात, हातात थोडी उसंत असते. तिथून पुढे थेट वैशाखापर्यंत कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, दोडामार्ग आणि सीमेपलीकडे गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या देवळासमोर रात्रभर दशावतार हे लोकनाट्य चालू असतं. तिकीट नाही, दार नाही. लिहिलेली संहिता नाही, दिग्दर्शक नाही, तालीमही नाही. तरीही मध्यरात्री पडदा लागतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी तेच मंडळ दुसऱ्या गावात जातं आणि बहुधा दुसरंच कथानक लावतं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन गोष्टींचं कोडं पडतं. संहितेशिवाय पाच-पाच तास हे जमतं कसं? आणि जी गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली, ती बघायला माणसं झोप मोडून का बसतात? मला वाटतं, दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. दशावताराचा प्रेक्षक नाटकाचा यजमान असतो. खेळ त्याच्या देवापुढे होतो, त्याच्या वर्गणीतून होतो आणि त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवर उभा असतो. ही एक बाब नीट लक्षात घेतली की बाकी सगळं उलगडत जातं.

जत्रेच्या दिवसाची चाल पाहा. सकाळपासून देवीच्या ओट्या भरल्या जातात, नवस फेडले जातात, गाऱ्हाणी घातली जातात. लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या मुली माहेरी येतात. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात, गणपतीला जमलं नाही तर जत्रेला तरी येतात. संध्याकाळी देवळाच्या वाटेवर दुकानं लागतात: आल्याच्या चवीचं खाजं, खटखटे लाडू, फुगे, बांगड्या, कढईतून निघणारी भजी. रात्री ढोल वाजतात आणि पालखी देवळाभोवती प्रदक्षिणा घालते. पालखी आत गेली की मग दशावतार. पहाटे दहीहंडी फुटते, दहीकाला वाटला जातो आणि तेव्हा कुठे जत्रा पुरी होते. म्हणूनच जुनी माणसं नुसतं ‘दहीकाला’ म्हणतात तेव्हा त्यांना अख्खा खेळच म्हणायचा असतो. गोव्यात तर ‘कालो’ हेच नाव रूढ आहे.

म्हणजे हे नाटक देवाच्या उत्सवाचा भाग आहे. गर्दी कमी आहे म्हणून ते रद्द होत नाही. समोर पाचशे माणसं असोत की पंधरा म्हाताऱ्या, खेळ व्हायलाच हवा, कारण तो देवाला कबूल केलेला असतो. नवसाचा दशावतारही असतो: मुलाला नोकरी लागली, घर बांधून झालं, आजारातून माणूस उठला की घरचे देवापुढे एक खेळ लावतात. खर्च एका घराचा आणि बघायला सगळा वाडा.

कोणत्या जत्रेला कोणतं मंडळ येणार हेही बऱ्याच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, खानोलकर, आजगावकर, चेंदवणकर ही मंडळांची नावंच मोचेमाड, वालावल, पार्से, खानोली, आजगाव, चेंदवण या गावांवरून आलेली आहेत. आजोबांच्या वेळी ज्या मंडळाने खेळ केला, त्याच मंडळाची पुढची पिढी नातवंडांपुढे खेळ करते. नट आणि गाव एकमेकांना ओळखतात. कुणाच्या घरी जेवायचं, कुठल्या खोलीत रंगपट, म्हणजे नटांची रंगायची-सजायची जागा, लावायचा, हे दर वर्षी नव्याने विचारावं लागत नाही.

आता मंडळ टेम्पोने येतं. एके काळी पायी यायचं, डोंगर आणि खाड्या ओलांडून, पेटारा डोक्यावर घेऊन. पेटाऱ्यात वेशभूषेबरोबर गणपती आणि मुखवटेही असतात, त्यामुळे त्याची पूजा होते. या कलावंतांविषयी कोकणात एक म्हण आहे: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. ऐकायला गंमतशीर वाटते, पण तिच्यात एका अख्ख्या पेशाचं आयुष्य आहे. रात्री हस्तिनापूरचं सिंहासन गाजवलेला माणूस पावसाळ्यात गुडघाभर चिखलात भाताचा तरवा, म्हणजे रोपं, लावत असतो.

रंगपटात थोडा वेळ बसायला मिळालं तर जरूर बसावं. खेडेगावातली एखादी पडवी किंवा देवळाची धर्मशाळा असते. प्रत्येकाची आपापली ट्रंक, उघडलेल्या झाकणाला टेकवलेला आरसा, समोर रंगाच्या डब्या. मेकअपमन नसतो. प्रत्येक नट स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवतो. स्त्रीपार्टी करणारा कलावंत भुवया बारीक कोरत असतो, टोप नीट बसवतो, साडीच्या निऱ्या दोनदा मोडून पुन्हा घालतो, गजरा माळतो. या सगळ्यात त्याचं तोंड आरशाकडे असतं आणि कान मंडळाच्या मालकाकडे किंवा जुन्या नटाकडे, कारण तिथे आजचं कथानक सांगणं चालू असतं. कुणी कोणतं पात्र करायचं, कुठला प्रवेश कुणानंतर, कुठल्या प्रसंगाला जास्त वेळ द्यायचा, राक्षस कधी मारायचा. हे सगळं रंग लावता लावता ठरतं. संवाद मात्र कुणी कुणाला सांगत नाही. ते ज्याचे त्याने रंगमंचावर बोलायचे.

पुरुषांनी स्त्रीची कामं करायची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकातल्या दासबोधात समर्थ रामदासांनी दशावतारी खेळाचा उल्लेख केला आहे आणि त्यात नेत्र मोडणाऱ्या सुंदर नारी प्रत्यक्षात पुरुषच असतात, हेही नोंदवलं आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही हा खेळ लोकांच्या इतक्या ओळखीचा होता की परमार्थाचा मुद्दा समजावायला त्याचा दाखला देता यावा. अलीकडे महिलांचीही दशावतार मंडळं उभी राहिली आहेत, ही आनंदाची गोष्ट.

खेळाचे दोन भाग असतात. पहिला आड दशावतार. त्यात सूत्रधाराच्या गायनानंतर गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, पूजा सांगायला भटजी येतो, मोरावरची सरस्वती येते, ब्रह्मदेव आणि विष्णू येतात. मग काळ्या वेशातला संकासुर वेद पळवतो आणि विष्णू त्याचा वध करतो. हा संकासुर मालवणीतच बोलतो. तो सूत्रधाराची फिरकी घेतो, पुढे बसलेल्या पोरांना घाबरवतो आणि गावातल्या गोष्टींवर टोमणे मारतो. त्याला सगळं माफ असतं. हल्ली वेळेच्या नावाखाली आड दशावतार आटोपता घेतात, कधी पार दहा-पंधरा मिनिटांवर आणतात. मला हे बरं वाटत नाही. एक तर तो खेळाचा सर्वांत जुना भाग आहे. दुसरं म्हणजे तेवढ्या वेळात प्रेक्षक स्थिरावतो, उशिरा आलेले जागा धरतात, पोरं चटईवर आडवी होतात आणि बाजारातून आलेली गर्दी नाटक ऐकायला तयार होते.

त्यानंतरचं आख्यान म्हणजे रात्रीचं मुख्य नाटक. रामायण, महाभारत, पुराणं, संतचरित्रं यांतलं एखादं कथानक. रंगमंचावर एक रंगवलेला पडदा आणि एक बाकडं, बस्स. त्या बाकड्यावर भरजरी कापड टाकलं की सिंहासन, कापड काढलं की अरण्यातली शिळा, कुणी आडवं झालं की राणीचा पलंग. एका अंगाला पायपेटी, पखवाज आणि झांज घेऊन वादक बसलेले असतात.

संहितेशिवाय नाटक कसं चालतं, हे समजायला इथे थोडं थांबावं लागेल. ज्याला आपण सहज सुचलेलं बोलणं समजतो, त्यामागे फार मोठी साठवण असते. नट लहान वयात मंडळात येतो. आधी किरकोळ पात्रं करतो, रात्रीमागून रात्री कडेला उभा राहून मोठ्यांचं ऐकतो. श्लोक, ओव्या, नाट्यपदांच्या चाली, वंशावळी, शापांच्या आणि वरांच्या कथा त्याच्या अंगात मुरत जातात. पुढे तो राजपार्टी होतो, राक्षसपार्टी होतो किंवा स्त्रीपार्टी करतो आणि सहसा त्याच जातीच्या भूमिकांत पक्का होत जातो. राजा कसा येतो, कसा वळतो, रागावतो तेव्हा आवाज कुठे नेतो, हे त्याला नव्याने शोधावं लागत नाही. राग ठाऊक असलेला गवई जसा त्या रात्रीच्या ताना त्या रात्रीच घेतो, तसं त्याचं बोलणं असतं.

पात्र प्रवेश करताच स्वतःची ओळख करून देतं: मी अमुक देशाचा राजा, अमुक घडलं आहे, आता अमुक करायला निघालो आहे. नवख्याला हे लांबलचक वाटतं. पण त्या ओळखीतून तीन जणांचं काम होतं. उशिरा आलेल्या प्रेक्षकाला कथा कळते, विंगेतल्या नटाला पुढचा धागा मिळतो आणि वादकांना प्रवेशाचा रंग समजतो. पेटीवाला आणि पखवाजी हे खरं तर या नाटकाचे न दिसणारे दिग्दर्शक. नटाचा आवाज चढला की पेटीवाला सूर धरतो आणि नट पदात शिरतो. राक्षसाच्या प्रवेशाला पखवाज असा काही घुमतो की झोपलेली पोरं दचकून उठतात. तलवारीच्या लढाईचं तर नृत्यच असतं आणि ते पूर्णपणे तालावर चालतं. पूर्वेला उजळू लागलं आणि कथानक अजून बाकी असलं, तर मधले प्रवेश दुमडून शेवट गाठायचा हेही तिथल्या तिथे, नजरेच्या खुणेवर ठरतं.

आता समजा, कथानक वालीवधाचं आहे. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो: झाडाआड लपून मारलंस, हा कुठला क्षत्रियधर्म? हा प्रश्न तर ठरलेला आहे. पण त्या रात्री वाली तो किती धारदारपणे विचारील आणि राम काय उत्तर देईल, हे कुणालाच माहीत नसतं, खुद्द रामालाही नाही. वालीच्या भूमिकेतला नट कसलेला असेल तर तो रामाला खरोखरच अडचणीत आणतो. मग रामाला शास्त्र, नीती, भावाच्या बायकोचा प्रश्न, राजाचं कर्तव्य असं सगळं पणाला लावून बोलावं लागतं. उत्तर पोकळ निघालं तर प्रेक्षकाला लगेच कळतं. पटांगणात कुजबुज होते. उत्तर चपखल बसलं तर कुणीतरी उठून बक्षीस देतं आणि ते नावानिशी माइकवरून पुकारलं जातं. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा बघायला लोक का येतात, याचं कारण हे. गोष्ट ठाऊक आहे म्हणूनच वाद ऐकता येतो.

शाळेत जेमतेम चार इयत्ता शिकलेल्या, घरात फक्त मालवणी बोलणाऱ्या माणसाला रात्रभर भारदस्त प्रमाण मराठी ऐकायला मिळते, ती इथेच. राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर भाषेत बोलतात, तर सेवक, विनोदी पात्रं आणि संकासुर मालवणीत. आणि दोन्हींची गाठ एकाच रंगमंचावर पडते, कुणी कुणाला कमी लेखत नाही. शेतमजुरी करणारी बाई सत्यवानाच्या सावित्रीने यमाला काय सुनावलं, ते दुसऱ्या दिवशी शब्दासकट सांगते. धर्म कशाला म्हणायचं, वचन मोडावं का, बापाची आज्ञा आणि न्याय यांत कोण मोठं, यावर गावातली माणसं पाणवठ्यावर, एसटीत, चहाच्या टपरीवर आठवडाभर बोलत राहतात. एवढा गंभीर विषय इतक्या साध्या जागी बोलला जाणं मला फार मोलाचं वाटतं.

प्रेक्षक तुलनाही करतात, अगदी बारकाईने. दशावतारी नट बाबी कलिंगण यांचा राजा आणि त्यांचे चिरंजीव सुधीर कलिंगण यांचा राजा, यांवर तासन्‌तास बोलणारी माणसं कुडाळ-नेरूरकडे आहेत. 2022 साली सुधीर कलिंगण गेले तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात लोकांनी घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख केलं. ज्याला गावोगावी, दर वर्षी, हाताच्या अंतरावर पाहिलं आहे, त्याचं जाणं वेगळं लागतं.

विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीत, हेच यजमानपण वेगळ्या वाटेने दिसतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरते आणि त्या निमित्ताने रात्रभराचं नाटक होतं. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिथल्या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र. तिथे तिकीट असतं. गावातलं मंडळ कंपनीकडून प्रयोग ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं आणि नफा-तोटा स्वतःच्या अंगावर घेतं. नाटक पाहायला पाहुणे येतात, घरोघरी मुक्काम होतात, सोयरिकीही जुळतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा राज्यातल्या बऱ्याच लोकांना ही रंगभूमी पहिल्यांदा कळली. कोकणात पैसा देवस्थानाचा आणि वर्गणीचा, तिकडे तिकिटाचा. पण नाटक आणायचं की नाही हे दोन्हीकडे गावच ठरवतं, बाहेरचा कुणी आयोजक नाही.

या व्यवस्थेचा कमकुवतपणा 2020 च्या मार्चमध्ये उघडा पडला. हंगाम ऐन भरात असताना टाळेबंदी लागली. पुढच्या हंगामातही अनेक गावांनी मोजक्या मानकऱ्यांत जत्रा उरकल्या. नटांचं वर्षाचं उत्पन्न या काही महिन्यांवर उभं असतं. पगार नाही, सुट्टी नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. जागरणाने प्रकृती जाते, सततच्या बोलण्याने गळा जातो. कलेचं कौतुक करताना हा हिशेब नजरेआड करणं बरोबर नाही. गावाने मानधन वाढवावं, वेळेवर द्यावं, मंडळाच्या जेवणाखाण्याची आणि झोपायच्या जागेची नीट सोय करावी. यजमानाची ही किमान जबाबदारी आहे.

बदल तर होतच आले आहेत. पलित्यांच्या जागी गॅसबत्त्या आल्या, मग ट्यूबलाइट, मग रंगीत दिवे. आता रंगमंचाच्या वरून माइक लोंबतात आणि नटाची पावलं नकळत त्यांच्या खाली येऊन थांबतात. गेल्या काही वर्षांत ‘ट्रिकसीन’ दशावतारांना गर्दी होते: धूर, स्फोट, अचानक प्रकटणारे देव, मोठाले नाग. नाक मुरडायचं कारण नाही. लोकांना अद्भुत बघायला आवडतं आणि पुराणकथांत अद्भुत भरलेलंच आहे. माझी तक्रार एवढीच की धुराच्या तयारीसाठी वादाचा प्रवेश आखडला जातो. वाली दोन वाक्यं बोलून मरत असेल, तर त्या नागाचं काय करायचं? ‘संयुक्त दशावतार’ हाही नवा प्रकार आहे. वेगवेगळ्या मंडळांतले नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र येतात. त्यात जुगलबंदी छान रंगते, पण वर्षभर एकत्र फिरणाऱ्या मंडळात नजरेनेच जे कळतं, ते तिथे हमखास जुळून येईल असं नसतं.

आणि यूट्यूब. परदेशी असलेल्या, गावी येऊ न शकणाऱ्या माणसाला आपल्या देवळासमोरचा खेळ फोनवर दिसतो, हे चांगलंच आहे. नव्या नटांनाही जुन्या नटांचं काम पाहून शिकता येतं. फक्त एक लक्षात ठेवावं: त्या चित्रफितीत प्रेक्षक दिसत नाही. पटांगणातली कुजबुज, हशा, पदाला मिळालेली दाद यांवर नट पुढचं वाक्य बेततो, म्हणून चित्रफितीत कधी कधी संवाद विनाकारण लांबल्यासारखा वाटतो. समोर बसलेल्याला तो तसा वाटलेला नसतो.

पहिल्यांदा जाणार असाल तर काही साध्या गोष्टी सांगतो. जत्रांच्या तारखा तिथीवर ठरतात आणि काही ठिकाणी देवाच्या कौलावर, त्यामुळे गावातल्या कुणाला तरी आधी विचारून घ्या. संध्याकाळीच पोहोचा, देवदर्शन करा, जत्रेत फिरा, पालखी बघा. मग चटई आणि पांघरूण घेऊन बसा, कारण पौष-माघात देवराईच्या कडेला पहाटे चांगलीच थंडी पडते. शेजारी एखादी आजी बसली असेल तर कथानक तिलाच विचारा. ती आनंदाने सांगेल आणि कुठला नट कुणाचा मुलगा हेही सांगेल. मध्ये झोप लागली तर लागू द्या, कुणी नावं ठेवत नाही. दहीकाला घेतल्याशिवाय मात्र उठू नका. एखादा प्रवेश आवडला तर जमेल तेवढं बक्षीस द्या. पुकारण्यासाठी तुमचं नाव विचारतील, तेव्हा गावाचंही नाव सांगा.